शेवटच्या रेघेच्या डावीकडचं

नाही हो, डिस्क पडली नाही, पाणी सांडलं नाही — डिस्कवरचं मीच घालवलंय. प्रोग्रॅम लिहून. तीस वर्षं कॉलेजात हेच शिकवलं — आता शिकवलं म्हणजे येत होतंच असं नाही, ते सोडा. आमच्या हिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, जीव राहील, आवाज जाईल. तेव्हा ही रेकॉर्डर घेऊन बोलायला बसली. रोज दुपारी, स्वयंपाकघरात, बासष्ट दिवस. रेकॉर्डर रोज तारखेचा नवा फोल्डर करायचा, आणि आत फाईलींची नावं एक, दोन, तीन — दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून. काल हिनं पाटीवर लिहिलं, सगळं एका जागी करून द्या, मला माझा आवाज ऐकायचाय. सोपं काम. फाईलच्या पूर्ण पत्त्यातली शेवटची तिरपी रेघ शोधायची, उजवीकडचं नाव ठेवायचं, डावीकडचा फोल्डरांचा रस्ता टाकून द्यायचा. टाकला. तारखा त्या रस्त्यातच होत्या ना. बासष्ट 'एक' एकाच फोल्डरात गेल्या, नवी आली की जुनी पुसली; 'दोन', 'तीन'चंही तेच — फाईली दोनशेवर होत्या, उरल्या नऊ.

रेकॉर्डर? तो आधीच रिकामा केला. टापटिपीची हौस, दुसरं काय. दुसरी प्रत? नाही. तुम्ही मनात म्हणत असाल, दिव्याखाली अंधार — म्हणा, खरंच आहे.

दोन फोल्डर उघडून ऐकले असते तरी सारखी नावं दिसली असती. नाही ऐकले. एकही नाही. ती बोलायची तेव्हा मी खोलीचं दार लावून घ्यायचो. वाचनात खंड पडतो, असं तिला सांगायचो. वाचत कुठं होतो — नुसता बसायचो. एकदा तिनं हाक मारली, "अहो, या ना, तुम्हीही दोन शब्द बोला." म्हटलं, बोल तू, मी मग ऐकेन सावकाश.

काय? पुसलेलं काहीच परत नाही निघणार? नीट पाहिलंत ना — नाही, तुमच्यावर अविश्वास नाही, माझ्यावरच —

थांबा, फोन. तीच. बोलत नाही, नखानं टकटक करते.

हो गं. हो. मिळालं सगळं. येतोच.

डिस्क द्या इकडे. असं बघू नका माझ्याकडे. मागे गिऱ्हाईक उभं आहे, त्यांचं बघा.