अलकाचे नऊ नकार

माझं माहेर शिंदखेड्याकडचं, लगीन झालं आन् असोद्याला आली, तेव्हापासून कापूस येचणं आन् केळीच्या बागात निंदणं, दुसरं काही केलं नाही. काय सांगू तुमले, मी दुसरीपर्यंतच शिकली, सही करते तीबी वाकडी. मालक हमाली करत, पाठ गेली तसे घरीच असतात. एकच पोर, अलका. तिनं जळगावात रक्त तपासायचा कोर्स केला, दोन वरीस रोज एसटीनं येऊन-जाऊन. माले वाटलं, झालं बाई, कागद हाती आला म्हणजे नोकरी ठेवलेलीच शे.

कुठली. एक दवाखाना म्हणे अनुभव नाही, दुसरा म्हणे जागा भरली, एकानं तं कागद उघडूनबी पाहिले नाहीत. पाचव्यांदा नाही म्हटलं तव्हा पोर चुलीपुढं बसून राहिली, जेवली नाही. मी म्हटलं राहू दे माय, उद्या माझ्यासंगे शेतात चाल. सकाळी पाहते तं वेणी घालून फाट्यावर बसची वाट पाहत उभी.

नववी एक लॅब होती. तिथल्या मॅडमनं एका म्हातारीचं रक्त काढायला लावलं, मग नाही म्हटलं, तरी ही उठलीच नाही. म्हणे मॅडम, नका घेऊ, पण माझं काय चुकलं तेवढं सांगा. मी असती तं पुन्हा तो उंबरठा पाहिला नसता. मॅडम म्हणे, म्हाताऱ्या माणसाची शीर तुला सापडत नाही, दोनदा टोचलंस.

मग महिनाभर काय केलं पोरीनं, तं डोळे मिटून नुसतं बोटानं हात चाचपायची, माझा, बापाचा, शेजारच्या जनाक्काचा. जनाक्का ऐंशीची, म्हणे पोरी, कसाले माझा हात चिवडते, काय हुडकते त्यात. नोकरी हुडकते अक्का, असं अलका म्हणे आन् आम्ही सारे हसू.

आन् पुन्हा त्याच लॅबमधे गेली. मी संगे. मॅडम म्हणे, तूच का परत? अलका म्हणे, एकदा पाहा फक्त. तिथं एक आबा रक्त द्यायला आलेले, हात वाळक्या काडीसारखा, ते म्हणे घे पोरी माझं. मॅडम बाजूला उभी राहिली. अलकानं दोन बोटं फिरवली, थांबली. आबा म्हणे, टोच ना बाई आता. आबा, झालं, ती म्हणे, नळीत रक्त भरलेलं. ज्या पोरीला मी बोट धरून चालायला शिकवलं तिच्याकडं मी परक्या माणसासारखी पाहत राहिली.

मॅडम म्हणे, जागा माझ्याकडं आताही नाही. पण तिनं तिथूनच रावेरच्या एका डॉक्टरला फोन लावला.

आता पोर रावेरला त्याच डॉक्टरकडं कामाला शे. परवा मी गेली, बाहेर बाकावर बसली. माणसं येत, ओळख ना पाळख, तिच्यापुढं हात करत. मी जलमात कुणाला एक गोष्ट दोनदा मागितली नाही, भीतीनं. हिच्यात हे कुठून आलं, माले खरंच माहीत नाही. तिच्यासंगे कोर्स केलेल्या दोघी अजून जळगावात फिरताहेत, अर्ज घेऊन. माय, त्यांचंबी भलं होवो.