पडद्यावरचं जाळं

नहराचं पानी केव्हा सुटन, ते मले नका विचारू जी, मले नाही मालूम. — हो हो, आत हॉलमंदी मीच म्हनलो तुमाले, पाटबंधारे खात्यात आहो म्हनून. लबाड बोललो. बसा ना, बसा — तुम्ही उन्हाळी धान लावलं, तुमाले खरंच पानी पाह्यजे, अन् मी शेजारच्या खुर्चीत बसून साहेब झालो! खात्यात कायचा, मी तं तळ्यात आहो. ढिवर आहो जी, लाखांदूरकडचा. गोपीचंद नाव. मासोळ्या धरतो.

काहून बोललो? आता काय सांगू. तुमची इस्त्रीची घडी पाहली, समोर ते मॅडमलोक — अन् माह्या हाताले वास. सकाळी निंबू घासून एसटीत बसलो, तरी जात नाही तो — घ्या, पाहा, येते का नाही? तुम्ही विचारलं, कुठं असता जी, अन् तोंडातून निघून गेलं. म्हनलं, कॉलेजचा हा कार्यक्रम सरला का आपआपल्या गावाले जाऊ, कोन कोनाले पुसते.

मंग पडद्यावर ती पोट्टी आकार दाखवून राहिली होती ना — घोड्याच्या खोगिरावानी एक, पिळलेल्या कड्यावानी एक — तुम्ही म्हनले, हुशार दिसते, कोनाची आहे? आयकलं मी. आयकून पडद्याकडंच पाहत राहिलो. माही आहे जी. डिंपल. माहीच पोरगी. लॅपटॉपवर गणिताचं काही लिहिते, सूत्र म्हनते त्याले, अन् बटन दाबलं का आकार उभा होते — चारही बाजूनं फिरवून पाहा.

अन् शेवटी जे आलं, वरून निमुळतं, खाली घेर सुटलेला, सारं रेघारेघाचं — ज्याच्यावर टाळ्या पडल्या — ते माहं फेकजाळं होय. दिवाळीच्या सुट्टीत म्हने, बाबा, आंगनात फेकून दाखवा. आता कोरड्यात जाळं कोनी फेकते का? पन फेकलं — मी फेकतो, ती मोबाईलवर फोटो काढते, पुन्हा फेका म्हनते. शेजारची सखाबाई हासून हासून बेजार — कारे गोपीचंद, कोंबड्या धरून राहिला का? मंग सुतळीनं घेर मोजला, उंची मोजली, अन् बसली लिहीत. पहिल्यांदा काढलं तं उलटंच आलं, तोंड वर, कटोऱ्यावानी! मी म्हनलो, बाई, ह्याच्यात पावसाचं पानी साचन, मासोळी नाही येनार. वजाचं चिन्ह राहून गेलं होतं म्हने. लय हासलो आम्ही दोघं. तिच्या अभ्यासातलं मले पहिल्यांदा काही समजलं होतं जी, मले किती बरं वाटलं होतं त्या दिवशी.

मंग त्या सरांनी विचारलं, हा आकार कुठून सुचला — तुम्ही होतेच तिथं. ती म्हने, माझ्या बाबांच्या जाळ्याचा आहे, बाबा आलेत आज. बाबा, उभे राहा ना. सारे वळून मागं पाहून राहिले, तुम्ही बी वळले. अन् मी — मी बी वळलो जी! मी बी मागं पाहलं, कोन उभं राहते म्हनून.

तिनं पाहलं मले. चांगलं पाहलं. अन् माईकवर म्हने, नाही आले वाटते, तळ्यावर काम निघालं असंल. माह्यासाठी लबाड बोलली ती, इतक्या लोकांसमोर. — नाही जी, पानी नको मले. — जाळ्याची लाज नाही वाटत, त्याच जाळ्यावर तं शिकली ती. लाज आता माहीच वाटून राहिली मले, म्हनून तं इथं बाहेर येऊन बसलो.

ते पाहा, सुटले सारे. ती पाहा, निळा ड्रेस — इकडंच येऊन राहिली — नाही, थांबली. तुम्ही बसले आहा माह्याजवळ, म्हनून थांबली. नळापाशी उभी झाली, मान खाली घालून. बापाले ओळख नाही देऊन राहिली जी, बापाचाच मान राखासाठी.

सरका जरा. मले उठू द्या. — डिंपल! ओ डिंपल! इकडं पाह्य बाई — उभा आहो मी.