स्वयंपाकघरातला पंखा

हॅलो? …हो, मीच. थांब, आधी माझं ऐक. वू बाईंना फोन केलास तू?

…अगं, माझ्या होणाऱ्या वरिष्ठ आहेत त्या. समुपदेशन केंद्र चालवतात. भाजीवाली आहे का, ‘आज नको’ म्हणून कळवायला?

…काळजीपोटी? ‘पेइरोंगला व्हिएतनामी येत नाही’ म्हणालीस त्यांना. मी अर्जात येतं म्हणून लिहिलंय. आता खोटारडी कोण ठरली?

…हो, हो. तायपेईचं हॉस्पिटल मोठं, मी तिथे लागावं. पांढरा कोट. आजी गल्लीभर सांगणार, नात डॉक्टर झाली. मी डॉक्टर नाही, आई. किती वेळा सांगू? मी लोकांचं ऐकून घेते, तेच माझं काम.

…मग कुणाचं ऐकायचं ते मी ठरवीन ना. ताइनानच्या केंद्रात तुझ्यासारख्या बायका येतात. व्हिएतनामहून लग्न करून आणलेल्या. त्यांना इथल्या भाषेत रडतासुद्धा येत नाही गं.

…‘तसल्या बायका’? मग तू कोण आहेस?

…

…नाही ओरडत. बरं, ओरडतेय.

…तुझी भाषा कुणी शिकवली म्हणजे? तूच. पोरीची जीभ बिघडेल म्हणून आजीने घरात एक शब्द बोलू दिला नाही तुला. पण धुराचा पंखा मोठा करून तू तिकडे माहेरी, कॅन थोला, तुझ्या आईला फोन लावायचीस ना? मी ओट्याखाली बसलेली असायचे. भात शिजेपर्यंत रडायचीस.

…हो. सगळं कळायचं. मला इथेच ठेवून परत जाईन म्हणायचीस, तेही.

…अगं, ऐक ना… त्याचा राग नाहीच मला. इतकी वर्षं तुझं ऐकायला कोणी नव्हतं. आता मी त्याच कामाला बसतेय, तर दार लावायला तूच पुढे. राग याचा आहे.

…म्हणून आत्ता वू बाईंना फोन कर. सांग, मी खोटं बोलले, मुलीला येतं. संध्याकाळी त्या माझ्या जागी दुसरीचं नाव कळवणार आहेत.

…हळू का बोलतेस? …आजी बाहेर बसलीय? असू दे.

…काय? पुन्हा बोल. कसली घरघर येतेय? …आई, पंखा लावून बोलतेयस तू? अजूनही? बंद कर तो. आधी बंद कर.

…

…हं. आता बोल.

…

…हो, कळलं. तुझ्या भाषेत विचारलंस, तरी कळलं. नाही, जेवले नाही अजून.

…आजी ओरडतेय ना मागून? …ओरडू दे. ठेवते मी, वू बाईंना लाव. आणि हे बघ, पंखा बंदच राहू दे.