पक्कडीने कापलेली वायर

नाय नाय, बॉनेट बंद करा साहेब, वरती काय नाहीये. इकडे या — ड्रायव्हरच्या पायाशी वाका जरा. वाका हो, पँट मळली तर मळू दे. ब्रेकच्या पेडलच्या वर तो छोटा स्विच दिसतोय? पेडल दाबलं की ह्याच्यातून करंट मागे जातो, लाल दिवे पेटतात. सोडलं की विझतात. बस, एवढंच काम. आता माझं ऐका. बल्ब बघितले — चांगले. फ्यूज बघितला — चांगला. मग स्विचला टेस्टर लावला, तर करंट बाहेर पडतोय, पेडलला हात न लावता पडतोय! मग मागे अंधार का? म्हणून आत हात घातला, काळी टेप सोडली, आणि हे बघा. तुटलेली नाय, उंदराने खाल्लेली नाय — पक्कडीने कापलीय. दोन्ही टोकं वेगवेगळी गुंडाळून ठेवलीत, किती निगुतीने! शी. असं काय दिसलं ना, तोंड कडू होतं माझं.

का कापली? बॅटरी उतरायची ना तुमची सारखी? बघा, मी बोललोच. पेडलवर एक प्लास्टिकचं बटण असतं, चण्याएवढं, ते ह्या स्विचची काडी दाबून धरतं. जुनं झालं की त्याचा भुगा होतो — हे काय मॅटवर पिवळे तुकडे, बिस्किटासारखे. बटण गेलं, काडी भोकातून आरपार, स्विचला वाटतं कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसलंय. गाडी बंद, तरी दिवे चालू. मग बॅटरी राहील कशी? बटण बदलायला पाच मिनिटं. पण तेवढी पण मेहनत नको! कापा वायर. बॅटरी टिकली, गिऱ्हाईक खूश, आणि मागून येणारा गेला खड्ड्यात. नाव नका सांगू त्याचं. मला ऐकायचंच नाय.

काय? तुम्हाला माहीत होतं? तो तुम्हाला सांगून कापतो, आणि तुम्ही — चार महिने? साहेब, चार महिने तुम्ही लालबागच्या ट्रॅफिकमधून ही गाडी फिरवताय, शाळा सुटायच्या टायमाला पण फिरवत असणार, आणि आज पण आलात कशाला, तर गाडी विकायची म्हणून. घेणाऱ्याने ब्रेक दाबून बघितला तर पंचाईत, म्हणून! किळस येते हो. 'तात्पुरतं आहे' म्हणाला? सगळे तेच म्हणतात. तात्पुरतं!

बसा त्या स्टुलावर, सोल्डर गरम होईपर्यंत एक ऐका. राजाराम म्हणून एक टॅक्सीवाला होता, आमच्याच चाळीतला, देवगडचा. त्याच्या टॅक्सीला हाच प्रॉब्लेम. त्याला भायखळ्याला भाडं घ्यायचं होतं, घाई. मेकॅनिकने वायर कापली, म्हणाला उद्या ये, बटण आणून ठेवतो. उद्या काय तो आला नाय, परवा पण नाय. आठवड्याने परळला एक म्हातारा मधेच रस्त्यात उतरला, राजारामने कचकन ब्रेक मारला. मागे स्कूटर. स्कूटरवाल्याला लाल दिसलंच नाय काय — सरळ आत. तो वाचला, पण पाठी त्याची बहीण बसलेली, तुळसा, माहीमच्या कोळीवाड्यातली, मासे विकणारी. खुब्याचं हाड गेलं. दोन ऑपरेशनं. डोक्यावर पाटी घेऊन दादरपर्यंत चालत जायची ती बाई, आता काठीशिवाय मोरीपर्यंत जात नाय. पोलिसांनी टॅक्सी तपासली, कापलेली वायर सापडली. राजारामला विचारलं, कोणी कापली? तो म्हणाला, मला माहीत नाय साहेब, जुनी गाडी आहे. लायसन गेलं त्याचं. गावाला गेला तो कायमचा. जायच्या आदल्या दिवशी इथे आला होता, समोर त्या पानाच्या गादीपाशी उभा राहून नुसता बघत होता माझ्याकडे, आणि मी? मी खाली मान घालून एक डायनॅमो खोलत बसलो. खराब नव्हता तो डायनॅमो. उगाच खोलला.

हां. मीच तो मेकॅनिक. आता असे बघू नका. बारा वर्षं झाली, कोणाला बोललो नव्हतो, आज तुमच्या ह्या घाणीपायी तोंडातून निघालं. बटण आणलंच नव्हतं मी, ते पण ऐका. तो दुसऱ्या दिवशी आला असता ना, तरी त्याला 'उद्या ये'च म्हणालो असतो. गणपती जवळ आलेले, मंडळाच्या लायटिंगचं काम हातात होतं.

रविवारी जातो मी माहीमला. ती बाकड्यावर बसते, मुलगी मासे कापून देते. मी सुरमई घेतो, ती सांगेल त्या भावाने. मागच्या खेपेला हसली मला. म्हणते, 'कसलं रे तू गिऱ्हाईक, एकदा तरी घासाघीस कर, मला बरं वाटेल!' घरी बायको ओरडते, एवढी सुरमई कोण खाणार म्हणून. मी तर एक तुकडा पण ताटात घेत नाय.

झालं. वायर जोडली, बटण बसवलं. बसा आत, दाबा ब्रेक. मी मागे उभा आहे. दाबा — हां, पेटले. सोडा. परत दाबा. ठीक.

काय म्हणालात? तिला सांगितलं का?

गाडी काढा साहेब. पाठी दुसरी गाडी थांबलीय.