फोटो लावणार न्हाय

(लोहारा तालुक्यातल्या रेखानं सांगितलं, तिच्याच बोलीत)

म्या सास्तूरकडची. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नवी घरं मिळस्तोर माणसं पत्र्याच्या शेडात ऱ्हायची, तशाच शेडात माझा जन्म. बाप मेंढरं राखायचा. पत्रा असा तापायचा की आई मला निंबाखाली झोळीत टाकायची, म्हणून म्हणते, निंबानंच वाढवलं मला. ते असू द्या, तुम्ही वेबसाइटचं इचारलं.

बारावी झाले, लोहाऱ्यात कॉम्प्युटर शिकले, घरचे म्हणले लगीन कर, म्हणलं थांबा, ते अजून थांबलेलेच हाईत. गाळा घेतला भाड्यानं अन वेबसाइटी करायले लागले. लई साध्या बरं का. हलणारी फुलं न्हाईत, गाणं न्हाय. पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं, तुम्ही कोण, काय करता, फोन कुठं लावायचा, संपलं. लोक म्हणायचे, रेखा, लई मोकळं मोकळं दिसायलंय. म्या म्हणायचे, मोकळं हाय म्हणूनच दिसायलंय. साधा मोबाईल, रेंजची एक काडी, तरी उघडलं पायजे.

तवा गोदामावशी आली. तिचा बायांचा गट, शेळ्या पाळणारा. व्यापारी दारात येऊन म्हणंल तो भाव, दुसरं गिऱ्हाईकच म्हाईत न्हाय. म्या एकेकीचा फोटो काढला, शेळीसंगट, खाली तिचं नाव, तिचा फोन. मराठीत केलं अन कन्नडमधी बी, कर्नाटक हितून किती लांब? तिकडून फोन यायला लागले. मावशी फोनवर नुसती बर्री, बर्री करायची, या म्हणून, अन माणसं खरंच यायची की हो!

काय सांगू तुम्हाला, मग आमच्याकडचे एक पुढारी आले. माझा गाळा त्यांचाच. म्हणले, बाई, झकास केलंस, आता सगळ्यात वर माझा फोटो टाक, हात जोडलेला, खाली लिव्ह यांच्या प्रेरणेनं. म्या म्हणलं, दादा, शेळ्या कोण राखतं? म्हणले, म्हंजे? म्हणलं, ज्या राखत्यात त्यांचे फोटो हाईत. हसले, अन हसत हसतच म्हणले, गाळा कुणाचा हाय, ध्यानात हाय ना?

घरी सांगितलं तर बाप घाबरला. पोरी, पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर नगं. भ्या मला बी वाटलं, खोटं कशाला बोलू. मावशीकडं गेले, म्हणलं साइट तुमची, तुम्ही सांगा. एक बाई म्हणली, लावू द्या की, आपलं काय झिजतंय? मावशी म्हणली, एकदा वर बसलेला माणूस खाली उतरंल व्हय गं? मग तीच बाई म्हणली, नगं बया, नगं.

म्या जाऊन तोंडावर सांगितलं, फोटो लावणार न्हाय. दुसऱ्या दिवशी माझा कॉम्प्युटर, खुर्ची, समदं रस्त्यावर. बघे लई, हात लावायला कुणी न्हाय. मावशीनं शेळ्यांचा टेम्पो आणला अन त्यातनं माझं दुकान घरी आलं. बाप दारात उभा. वाटलं आता बोलतोय. त्यो आत गेला, हातोडी आणली अन पडवीत वायरीसाठी खिळे ठोकायला लागला.

तवापास्नं पडवीतच बसते. पुढाऱ्याची माणसं अजून गिऱ्हाईक फोडत्यात, फोडू द्या. परवा तुळजापूरहून एक बाई आल्या, देवीची वस्त्रं शिवणाऱ्या, बरोबर त्यांचे मालक, म्हंजे नवरा. म्या इचारलं, वर नाव कुणाचं टाकू? बाई म्हणल्या, यांचं. म्हणलं, शिवतं कोण? म्हणल्या, म्या. मग तुमचं नाव सांगा. मालकाकडं बघितलं, खाली बघितलं, अन कायतरी पुटपुटल्या.

म्या म्हणलं, मोठ्यानं सांगा बाई, मला लिव्हायचंय.