गाठ हाय तिथवर

रुचिरा : फोटोत बघा ना, भगवानदादा. फायरप्लेसवरची ही मँटलची फळी फोटोतल्या बाईच्या खांद्याला लागतेय. आणि तुम्ही बांधलीत ती माझ्या गुडघ्याला!

भगवान : गुडघ्याच्या जरा वर हाय, वैनी.

रुचिरा : साडेचार फूट सांगितलं होतं मी. दीड फुटावर फायरप्लेस असते का कुठे?

भगवान : रोडपालीत तर कुठंच नसते. बाहेर डांबर वितळतंय नि तुमी घरात जाळ लावताय.

रुचिरा : जाळ नाही तो, लाईट आहे. हात लावला तरी गार. मनस्वीला पाजत बसायचे ना, तेव्हा फोनवर हेच बघायचे मी. वर फळी, फळीवर तिचे फोटो, खाली नारिंगी उजेड. तेवढं एकच हवं होतं मला या घरात. तोडा. आत्ता तोडा.

भगवान : तोडतो. पन ग्रॅनाईट फुकट जाईल. काकी, तुमी बोला की कायतरी.

ठमाबाई : मी कशाला बोलू? मिस्त्री तू हाय.

भगवान : असं नाय चालायचं हां, काकी! वीस वर्सं काम करतोय, अर्धा इंच चुकलो नाय. हा घ्या वैनी. खिशातच हाय.

रुचिरा : हा काळा दोरा कसला?

भगवान : माप. गाठ हाय तिथवर फळी, असा तुमच्या सासूबाईंचा हुकूम.

रुचिरा : आई?

ठमाबाई : मनूला आंगोळ घालताना मापलं. पायापासून छातीपर्यंत.

रुचिरा : पण कशाला?

ठमाबाई : गावाला, आपट्याच्या घराम्होरचा ओटा एवढाच होता. तुझा हरेश तो धरूनच उभा रायला. त्याच्या दोनी बहिनी पन. इथं पोरीनं धरायचं काय, सांग? सोफा दबतो. काचेचं टेबल तू माळ्यावर टाकलंस. बाकी नुसत्या भिंती, त्या पन गुळगुळीत.

रुचिरा : मग मला सांगायचं ना.

ठमाबाई : काय सांगू? सतरा महिन्यांची झाली, उभी नाय रात, म्हनून तू डाक्टरकडनं आलीस का मोरीत नळ सोडून रडतेस. तुला वाटतं म्हातारीला ऐकू येत नाय.

रुचिरा : मी नाही रडत.

ठमाबाई : बरं. नळ रडतो.

रुचिरा : डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने बघू...

ठमाबाई : बघू की. पन नुसतं हातावर हात ठेवून कशाला बघायचं?

भगवान : वैनी, कटर लावलाय मी. तोडू ना?

रुचिरा : थांबा. बंद करा ते. मनस्वी कुठे गेली? इथे चटईवर तर बसली होती.

ठमाबाई : गप. रा तिथंच. कोनी हलू नका.

रुचिरा : आई...

ठमाबाई : बघ तिकडं. फळीकडं.

रुचिरा : अगं बाई! पाय थरथरतायत तिचे.

ठमाबाई : थरथरू दे. धरायला जाऊ नको.

रुचिरा : पडेल ती!

ठमाबाई : तर बसेल खाली. ढुंगनावर पडलेलं पोर मोडत नाय.

रुचिरा : दोन्ही पायांवर आहे. आई, दोन्ही पायांवर...

भगवान : नि थापा कशा मारतेय बघा! मी बांधलंय ते पक्कं हाय का बघतेय.

ठमाबाई : आता रड, बाय. नळ नको सोडूस.

(फळीवर इवल्या तळहातांचे फटके.)

भगवान : वैनी, मना कळंबोलीला दुसऱ्या कामाला जायचंय. या फळीचं काय करू?

रुचिरा : उद्या या, आणि कोपरे तेवढे गोल करून द्या. दोरा राहू दे माझ्याकडे.