सर्व्हरवर टाकलेला रुमाल

नाही, पण मी म्हणतो, एका फाइलमध्ये दोघांनी एकदम हात घालायचाच कशाला? आमच्या ऑफिसात रोज तेच! ठाण्यात खोपटला, पिठाच्या गिरणीच्या वर आमचं ऑफिस, साल अठ्ठ्याण्णव. सगळ्यांचे प्रोग्राम एका सर्व्हरवर. कुणी काय बदललं ते तो लक्षात ठेवणार. त्यावरचं सॉफ्टवेअर परदेशातल्या भल्या माणसांनी फुकट वाटलेलं, वर आतला कोडही उघडा, की घ्या, हवा तसा सुधारा! आता 'सुधारा' म्हटल्यावर मी गप्प बसतोय? मंदाकिनीबाई आणि परशुराम कायम भांडत. "चंदू, यानं माझं पुसलं!" "बाई, तुम्हीच माझ्यावर लिहिलंत!" मी वैतागून खिडकीतून बघतोय, तर समोर एस.टी. डेपो. गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात. ज्याचा रुमाल, सीट त्याची! दुसऱ्याचा रुमाल उचलायचा नाही!

अहो, सुचलं! सर्व्हरमध्ये रुमालच घातला! फाइलवर रुमाल टाका, फाइल तुमची. ज्यानं टाकला त्यानंच पासवर्ड देऊन उचलायचा. भांडणं बंद, साहेब खूश, मी तर हवेत!

आणि मग तो शनिवार... संध्याकाळी प्रोग्राम गिऱ्हाईकाकडे गेला नाही तर काम हातचं जाणार, साहेब बजावून गेलेले. परशुराम बोंबलला, "चंदू, मेन फाइलवर बाईंचा रुमाल!" आणि बाई? निघाल्या महाडला, माहेरी! तुम्ही म्हणाल, तूच बनवलास ना, तूच उचल. उचललेला हो एकदा, परशुरामचा! परशुरामचं आठवड्याचं काम गेलं, तो अजून माझ्या डब्यातलं खात नाही. म्हणून सांगतो, दुसऱ्याचा रुमाल उचलायचा नाही!

धावलो डेपोत. गाडी लागलेली, बाई खिडकीपाशी, मांडीवर पिशवी. "बाई, पासवर्ड सांगा!"

"पासवर्ड कुणालाही सांगू नये, असं फळ्यावर कुणी लिहिलंय?"

मीच!

"मग चला ऑफिसात, हे समोर तर आहे!"

"आणि माझी सीट?"

"रुमाल टाका ना!"

"रुमालाचं काय खरं रे? तू बस."

बसलो! काय करणार? पिशवी माझ्या मांडीवर ठेवून बाई गेल्या, आणि कंडक्टरनं घंटी मारली. "अहो, बाई यायच्यात!" "येतील मागच्या गाडीनं. तुमचं तिकीट कुठलं?" मध्ये उभी माणसं, गोण्या, एक पत्र्याची पेटी... उतरणार कुठून?

कसाबसा पनवेलला उतरलो. हातात बाईंची पिशवी, प्रोग्राम गेला की राहिला, जीव नुसता टांगणीला... आणि आली की हो मागची महाड गाडी! खिडकीत बाई, ऐसपैस! "चंदू, गेला रे तुझा प्रोग्राम गिऱ्हाईकाकडे!" डोळ्यांत पाणीच आलं हो माझ्या. पिशवी खिडकीतून दिली, म्हटलं, "बाई, एवढ्या गर्दीत सीट कशी मिळाली?"

"कशी म्हणजे? रुमाल टाकला!"

मी ठाण्याची गाडी धरली. सीटा दिसत होत्या हो, चांगल्या तीन-चार! पण प्रत्येकीवर... जाऊ दे. ठाण्यापर्यंत उभा आलो. दुसऱ्याचा रुमाल उचलायचा नाही!